दाट वरण

लातूरच्या आमच्या मेसमधल्या अनसूयामावशीनं डाळ चोरली, असं त्या वर्षी बऱ्याच जणांनी ऐकलं. ऐकणाऱ्यांतले काही आता डॉक्टर आहेत, काही इंजिनिअर, दोघे-तिघे परदेशात असल्याचं कानावर आहे. त्यांच्या डोक्यात ही गोष्ट शिल्लक असेल असं मला वाटत नाही. मेसवाल्या बाईनं डाळ चोरली, यात लक्षात ठेवण्यासारखं काय असतं? पण तिनं डाळ चोरली नव्हती. हे मला तेव्हाही माहीत होतं. सगळे तिच्याकडं बघत उभे होते त्या घडीलाही माहीत होतं. आधीच्या प्रकरणांत मी स्वतःबद्दल बरंच चांगलं लिहून ठेवलंय. ते ज्यानं वाचलं त्यानं हेही वाचावं.

तेव्हा मी तिशीला टेकलो होतो, पण घरात अजून धाकटाच होतो. बिलोलीला राहून बी.ए. रखडत रखडत संपवलं, कुठं चिकटलो नाही, मग नांदेडला एका आइस्क्रीमच्या कारखान्यात तीन-चार वर्षं काढली. शेवटी अक्कानं लातूरला बोलावून घेतलं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून मला मोठं करणारी तीच. तिचे यजमान, आमचे भाऊजी, एका कचेरीत कारकून होते. सकाळी दहाला छत्री घेऊन बाहेर पडायचे आणि संध्याकाळी तीच छत्री घेऊन परत यायचे. मधल्या जगाशी त्यांचं काही देणंघेणं नसायचं. घरामागच्या मोकळ्या जागेवर पत्रे टाकून अक्कानं बारावीच्या पोरांसाठी मेस काढली होती. लातूरला तेव्हा क्लासच्या पोरांचा सुकाळ सुरू झाला होता. किनवट, देगलूर, उदगीर, पार परभणीकडची पोरं यायची. एका खोलीत चार-चार जण, भिंतीवर सूत्रांचे कागद, खिडकीत वाळत घातलेले बनियन. उजाडायच्या आत गल्लीत पाठांतर सुरू व्हायचं. एका खोलीतून बेडकाची पचनसंस्था, दुसरीतून रसायनशास्त्र, आणि त्या सगळ्याच्या वर आमच्या मोठ्या स्टोव्हचा भर्र आवाज आणि भाकरी थापल्याचे थपथप ठोके. आजही कुणी भाकरी थापायला लागलं की मला तो पत्र्याखालचा धूर आणि शेंगदाण्याच्या चटणीचा वास येतो.

मेस निवडायची तेव्हा एक रीत होती. कुणी घालून दिली ठाऊक नाही, पण सगळे पाळायचे. रविवारी एस.टी.नं पोरांचे वडील यायचे. शेतकरी, मास्तर, तलाठी, दुकानदार. ते भाकरी मोडून बघत नसत, भाजी कोणती म्हणून विचारत नसत. ताटात वरण वाढून घ्यायचे आणि बोटानं त्यात मधोमध एक रेघ ओढायचे. रेघ लगेच मिटली तर "पाणी हाय" म्हणून उठायचे आणि शेजारच्या गल्लीत जायचे. रेघ टिकली, ताट कलतं केल्यावरही वरण जागचं हललं नाही, की पोराची वळकटी आमच्याकडं. अक्काचं वरण या परीक्षेत कधी नापास झालं नाही. तुरीची डाळ घालताना ती हात आखडायची नाही. चांगली गाळ शिजवायची, मग मोठ्या रवीनं घोटायची, तिच्या दंडाला घाम सुटेपर्यंत. "वरण म्हंजे मेसची अब्रू हाय," असं ती म्हणायची, आणि रेघ ओढणाऱ्या बापाकडं लग्नात नवरदेवाकडं बघावं तसं बघत उभी राहायची.

मग भूकंप झाला. आमच्या मांडणीवरची भांडी पहाटे एकामागून एक खाली आली, आणि पोरं पुस्तकं छातीशी धरून रस्त्यावर पळाली. लातूर शहर तसं वाचलं. औशाच्या पुढची, किल्लारीकडची गावं झोपेत गाडली गेली. उजाडल्यावर गल्लीतली पोरं मैदानात एका ओळीत बसली होती. त्यांतल्या एकानं मला विचारलं, "मामा, आजची टेस्ट हाय का कॅन्सल?" त्याच्यावर कुणी हसलं नाही, कुणी रागावलंही नाही. दोन दिवसांत आईबाप येऊन पोरांना घेऊन गेले. महिनाभरानं तीच पोरं परत आली, आणि सोबत आणखी आली. ज्या बापांनी घरं पडताना बघितली त्यांना आता वाटायला लागलं होतं की घर न् भिंत काही खरं नाही, पोरानं डॉक्टर झालेलं बरं. आमच्याकडं चाळीस पानं होती, ती दिवाळीनंतर सत्तरच्या घरात गेली. अक्काला एकटीला झेपेना. तेव्हा अनसूयामावशी आली.

ती त्या गाडलेल्या गावांपैकीच एका गावची. पन्नाशीची असेल. उंच, काळीसावळी, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं सरळ बघणारी. त्या रात्री ती माहेरी गेलेली होती म्हणून वाचली. अक्कानं पहिल्या दिवशी विचारलं, "घरात माणसं किती होती, बाई?" ती म्हणाली, "पाच. म्या धरून सहा." नवरा, दोन मुलं, सून आणि सुनेच्या कडेवरची पोर. एवढं सांगून तिनं पदर खोचला आणि परातीत पीठ घेतलं. पुन्हा तिनं तो विषय आमच्याकडं काढला नाही, एकदा सोडून.

तो एकदा म्हणजे आल्यावर आठ-दहा दिवसांनी. मी कोठीत डाळ मोजत होतो. ती दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "लेकरा, एक इचारू? म्या वरण खात न्हाई. माझ्या वाटणीची डाळ रोज मूठभर कोरडीच दे."

"कशाला, मावशी?"

"वरसाला पित्र घालायचेत. पाच पानं वाढायचीत. अंगावरचं लुगडं दानाचं, ताटवाटी दानाची, ऱ्हायला पत्रा दिला त्यो बी दानाचा. पित्राला तरी माझ्या तोंडचं असू दे."

"मग अक्काला सांगतो ना. ती देईल की."

"तेच नगं. ती म्हनंल, पाच किलो घेऊन जा. मग ते बी दानच झालं. तुझ्या-माझ्यात ऱ्हाऊ दे."

मी हो म्हणालो. त्या दिवसापासून रोज सकाळी भगुन्यात डाळ धुवायला घ्यायच्या आधी ती माझ्यासमोर एक मूठ काढायची, माझ्याकडं बघायची, मी मान हलवायचो, मग ती मूठ पदराला बांधायची. आणि जेवायला बसली की नुसती भाकरी आणि चटणी खायची. हे अक्काला माहीत नव्हतं, पोरांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

आता माझ्या करणीबद्दल. एका रविवारी सात-आठ पालक यायचे होते आणि शनिवारी येणारी डाळ आलीच नाही. ट्रक सगळे मदतीच्या कामाला लागलेले, बाजारात माल नव्हता. कोठीत सत्तर पानांना लागते त्याच्या निम्मी डाळ होती. अक्का रडकुंडीला आली. "आज रेघ मिटती बघ," म्हणाली. त्या वेळी मला माझ्या ट्रंकेतला डबा आठवला. नांदेडहून येताना कारखान्यातून आणलेला, गवार गमचा. आपण भाजी करतो त्याच गवारीच्या शेंगेचं बी. त्याच्या आतला पांढरा भाग दळून ही पावडर करतात. पिठासारखी दिसते, वास जरासा कच्च्या शेंगेचा. आइस्क्रीमच्या दुधात अगदी थोडी घातली की दूध दाट होतं आणि गोठताना बर्फाचे खडे होत नाहीत. पाण्याला ती अशी धरून बसते की पाणी, पाणी राहत नाही. थेट पाण्यात टाकली तर मात्र गुठळ्या होतात, वरून चिकट आणि आत कोरड्या. म्हणून आधी साखरेत नाहीतर तेलात कालवावी लागते. मी वाटीभर गार तेलात कालवली, "आज फोडणी मी देतो" म्हणून सगळ्यांना बाजूला केलं आणि फोडणीमागं ती वाटी भगुन्यात सोडली. थोड्या वेळात ते पातळ पिवळं पाणी अक्काच्या वरणासारखं जड हलायला लागलं.

त्या दिवशी पहिली रेघ ओढली ती इस्लापूरच्या एका गुरुजींनी. प्राथमिक शाळेत मास्तर होते, पांढरा सदरा, बोलणं मोजकं. पोराची आधीची मेस भूकंपात भिंत तडकल्यामुळं बंद पडली होती. त्यांनी ताटात बोट फिरवलं, ताट कलतं केलं, पुन्हा सरळ केलं. रेघ जशीच्या तशी. "सुनील," ते मागं वळून म्हणाले, "बस इथं. हे वरण म्हणायचं." अक्कानं अनसूयामावशीच्या पाठीवर थाप मारली, "तुझ्या हाताला काय लागलंय गं बाई!" मावशी भगुन्यातल्या वरणाकडं बघत होती. मला मात्र इतकं बरं वाटलं की काय सांगू. घरातल्या धाकट्यानं मेसची अब्रू राखली होती.

एकदाच करायचं होतं. पण पुढच्या आठवड्यात डाळ आली तरी मी निम्मीच काढली. उरलेल्या डाळीवर आणखी वीस पोरं घेता येतील, हे माझ्या ध्यानात आलं होतं. अक्काला म्हणालो, कोठीची किल्ली माझ्याकडं दे, तुला कशाला ताप. आणि फोडणी तर माझीच झाली होती. लातूरमधली सगळ्यात मोठी मेस आपली असावी, असं मला वाटायला लागलं. कुणी "मामा, तुमच्याकडं जागा हाय का?" म्हणून विचारलं की छाती फुगायची. आयुष्यात पहिल्यांदा मी कशात तरी हुशार ठरलो होतो.

पोरांच्या पोटात त्या पावडरीनं जे व्हायचं ते होतच होतं. शेंगेचा चोथाच तो, पोटात जाऊन फुगणार आणि वायू धरणार. पोरं त्याचीही चेष्टा करायची. "मामा, हे भूकंपरोधक वरण हाय का हो? ताट पाडलं तरी हलंना!" "बायोच्या तासाला बॉम्ब पडायलेत, मामा, सरांनी खिडक्या उघडल्या." सगळी पंगत हसायची, मी सगळ्यांत मोठ्यानं. भाकरी दोन खाणारी पोरं एकीवर यायला लागली होती, पोट लवकर भरायचं ना. बहुतेकांचं त्यानं अडलं नाही. त्यांच्या घरून लाडू, चिवडा, शेंगा यायच्या. संध्याकाळी ती कोपऱ्यावर भजी खायची, दूध प्यायची. सुनीलला यातलं काही नव्हतं. गुरुजींनी बाहेरचं खायचं नाही अशी शपथ घातली होती, आणि तो पाळायचा. मेसची दोन जेवणं, तेवढंच त्याचं खाणं.

सुनीलचं न् मावशीचं जमलं होतं. तो जेवण झाल्यावर तिच्यासमोर चुलीपाशी पुस्तक घेऊन बसायचा आणि व्याख्या म्हणून दाखवायचा. तिला अक्षर येत नव्हतं, पण कान तिखट. "थांब. काल तू येगळं म्हनला व्हतास. काल 'दिशा' बी व्हती त्यात." तो पुस्तक बघायचा आणि कपाळावर हात मारायचा. "मावशी, तुम्हीच बसा परीक्षेला." "बसंल की, भाकऱ्या कोन थापंल मग, तुझा बाप?" आणि दोघं हसायची. ती हसलेली मी तेवढीच बघितली.

फाटक्या अंगाचा तो पोरगा संक्रांतीनंतर अजूनच वाळत गेला. मला एकदा म्हणाला, "मामा, पोट तट्ट होतंय, पण तासाला बसलं की हातपाय गळतेत. अक्षरं हलायलेत." मी म्हणालो, "जागरण कमी कर." मावशीनंही मला एकदा धरलं. "डाळ कमी अन् वरण दाट, हे कसं काय रे?" मी म्हणालो, "नवीन डाळ हाय, मावशी. फुगते." ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. "फुगत असंल, बाबा," म्हणाली आणि भगुनं घासायला बसली. त्या भगुन्याच्या तळाला बुळबुळीत थर राहायचा, राखेनं घासला तरी लवकर निघायचा नाही.

इथं जरा थांबतो, कारण वाचणाऱ्याचा गैरसमज नको. त्या पावडरीत विष नव्हतं. आज बाजारच्या आइस्क्रीमात, सॉसमध्ये, कशाकशात ती असते. मला साखरेचा आजार लागल्यावर डॉक्टरांनी जो तंतूंचा, म्हणजे फायबरचा, डबा लिहून दिला, त्यावर बारीक अक्षरात गवारच लिहिलेली आहे. जेवणाआधी एक चमचा, साखर हळूहळू चढावी म्हणून. सून रोज बजावते, "बाबा, मोठा ग्लासभर पाण्यात घ्या, कोरडं घशात गेलं तर तिथंच फुगेल." मी घेतो. ज्याच्या पोटात जास्त जातं त्याला ही पावडर औषध आहे. मी ती सतरा वर्षांच्या वाढत्या पोरांना डाळीच्या जागी घातली, आणि भुकेला गप्प बसवलं. दोष पावडरीचा नाही.

बोर्डाची परीक्षा महिन्यावर आली असताना सुनील क्लासच्या सराव परीक्षेत बाकावरून खाली पडला. पोरांनी उचलून जवळच्या डॉक्टरकडं नेलं. मीही गेलो. त्यांनी डोळ्याची पापणी ओढून बघितली, दंड धरून बघितला, आणि मला विचारलं, "हा कुठं जेवतो?" मी म्हणालो, आमच्याकडं. ते म्हणाले, "याला रोग काही नाही. हा मुलगा उपाशी आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुजी आले. पोरांकडून बातमी फुटली होती, त्यामुळं आणखी तिघा पोरांचे वडील सोबत होते. गुरुजी ओरडले नाहीत. पत्र्याखाली उभे राहून अक्काला म्हणाले, "ताई, मी माझ्या बोटानं वरण बघून पोरगं ठेवलं. दाट वरण खाऊन पोरगं उपाशी कसं ऱ्हातंय, तेवढं मला सांगा."

अक्का पुढं झाली. "गुरुजी, डाळ तर भरपूर आणतो आम्ही. देवाशपथ."

"मग जाती कुठं?" दुसरा एक जण म्हणाला. "पीठ कालवत असतील वरणात, अन् डाळ भाईर. बाई कोन हाय सैपाकाला? तिचं सामान बघा आधी."

मावशीची पत्र्याची पेटी चुलीमागं होती. कुलूप नव्हतं. त्या माणसानं झाकण उघडलं. वर दोन लुगडी, त्याखाली पांढऱ्या धडप्यात बांधलेलं गाठोडं. त्यानं गाठ सोडली. तुरीची डाळ. चार-पाच किलो सहज असेल. स्वच्छ निवडलेली, एक खडा नाही.

मग अक्का म्हणाली, "अनसूया, हे काय गं?"

मावशीनं अक्काकडं बघितलंच नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. रोज सकाळी मूठ काढल्यावर बघायची तसंच. "मामाला इचारा," ती म्हणाली. मला ती कधी मामा म्हणत नसे.

"तुला ठाऊक हाय का रे?" अक्कानं विचारलं.

मला सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण ती डाळ तिच्या वाटणीची आहे म्हणालो असतो, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग वरणातली डाळ कुठं गेली? आणि मग किल्ली, फोडणी, ट्रंकेतला डबा. गुरुजी माझ्याकडं बघत होते. अक्का बघत होती. मी खाली त्या गाठोड्याकडं बघितलं आणि नकारार्थी मान हलवली.

मावशीनं रडारड केली नाही. शपथ घेतली नाही. लुगडी काखेत घेतली, पेटीचं झाकण लावलं. गुरुजी तिला म्हणाले, "बाई, लेकराच्या तोंडचं काढलंत. तुमचं कधी भलं होनार न्हाई." ती त्यांच्यापुढून निघून गेली. गाठोडं तिथंच राहिलं. अक्कानं ते उचलून डाळीच्या पोत्यात रिकामं केलं, आणि दुसऱ्या सकाळी मी ती डाळ शिजायला टाकली. त्या दिवशी पूर्ण डाळ घातली, काही मिसळलं नाही. पाच मेलेल्या माणसांच्या पानावर वाढायची डाळ आम्ही सगळ्यांनी खाल्ली. मीही खाल्ली.

डबा मी नाल्यात फेकून दिला. पण एक गंमत झाली, गंमत म्हणायची तर. मावशी गेल्यावर वरण खरं झालं, आणि खऱ्या वरणाची रेघ त्या पावडरीच्या रेघेइतकी टिकेना. पोरं म्हणायची, "मामा, मावशी गेली अन् वरण पातळ झालं." अक्का उसासा टाकायची, "चोर होती, पण हात होता तिला." मी वाढत राहायचो. सुनीलला गुरुजी घरी घेऊन गेले. त्या वर्षी तो परीक्षेला बसला नाही, पुढच्या वर्षी किनवटहून बसला, आणि डॉक्टर व्हायचं राहिलं. अक्का पुढं सात वर्षांनी गेली, तिलाही मी सांगितलं नाही.

मावशीला भेटायला मी गेलो, तोवर त्या गावांची नवी वसाहत उभी राहिली होती. एकसारखी बसकी घरं, आखलेले रस्ते, कुणाचं घर कुठलं ते कुणाला सांगता येईना. ती भाचीजवळ राहत होती. मला ओळखून म्हणाली, "ये, लेकरा. बस." पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. पावडर, किल्ली, सगळं. ती ऐकत ऐकत शेंगा फोडत होती.

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली. "कशाचं ते न्हाई, पर तूच कायतरी करायलास हे ठावं व्हतं."

"मग बोलली कामून न्हाईस, मावशी?"

"तू बोलशील म्हनून थांबले. त्या दिशी बी थांबले. मागनं बी लई दिस वाट बघितली. म्हनलं, लेकरू हाय, भ्यालंय. ईल आज न् उद्या."

मी विचारलं, पित्र घातले का. म्हणाली, "पहिल्या वरसाला न्हाई जमलं. मागनं घातले." मग मी म्हणालो, मी लातूरला जाऊन सगळ्यांना सांगतो, छापून आणतो, जे म्हणशील ते करतो. तिनं हात झाडले.

"सगळ्यांला काय करायचंय. त्या इस्लापूरच्या पोराला तेवढं सांग. मावशीनं आपल्या तोंडचं काढलं, असं त्येच्या मनात हाय. ते काढ. दुसरं काय नगं." मी उठलो तेव्हा दारापर्यंत आली. "सांगशील ना?"

"सांगतो," मी म्हणालो.

त्यानंतर मी लग्न केलं, मेस बंद केली, नांदेडला किराणा दुकान टाकलं, मुलं वाढवली. इस्लापूरची गाडी रोज नांदेडच्या स्टेशनातून सुटते. मी कधी बसलो नाही. मध्ये एकदा भाचीकडून निरोप आला की मावशी गेली. त्या दिवशी दुकान बंद ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी उघडलं.

मागच्या वर्षी दुकानात आलेल्या एका शिक्षकाशी बोलता बोलता कळलं की त्याचे हेडमास्तर इस्लापूरचे, सुनील नावाचे, आता अर्धापूरला घर बांधून राहतात. अर्धापूर म्हणजे माझ्या दारातून अर्ध्या तासाचा रस्ता. त्यानंतरही मी चार महिने घालवले. शेवटी एका रविवारी गेलो. केळीच्या बागांच्या कडेला घर आहे. डोक्यावरचे केस गेलेत, पण अंगकाठी तीच, फाटकी. त्यानं मला लगेच ओळखलं. "मामा!" म्हणाला आणि पाया पडायला वाकला. मी त्याचा खांदा धरला. म्हणालो, आधी ऐक, मग पड.

मी बोलत होतो तेवढा वेळ तो माझ्याकडं नाही, अंगणाकडं बघत होता. संपल्यावरही नजर तिकडंच होती. मी वाट बघत होतो की आता ओरडेल, घराबाहेर काढेल. मला ते चाललं असतं.

"मामा," तो म्हणाला, "ती आमच्या घरी आली होती."

"कोण?"

"मावशी. त्याच उन्हाळ्यात. लातूरहून बसनं नांदेड, तिथून रेल्वेनं इस्लापूर, विचारत विचारत. मी अंथरुणावर होतो. दारातनं आईला विचारत होती, पोरगं नीट जेवायलंय का. आत येते म्हणाली नाही, काही मागितलं नाही. तेवढंच विचारत होती, पोरगं जेवायलंय का." त्याचा आवाज खाली गेला. "मी आतून ओरडलो. आईला म्हणालो, चोरटी हाय ती, हाकल तिला. तिनं ऐकलं. मला माहीत आहे, तिनं ऐकलं."

मग मला कळलं की पोराच्या मनात काय आहे हे तिला कुठून ठाऊक होतं. हे तिनं मला सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होतो की माझ्या गप्प बसण्याची झळ फक्त तिला लागली. या माणसाच्या हातून, तो सतरा वर्षांचा असताना, मी काय करवून घेतलं होतं ते मला त्या अंगणात कळलं.

सुनील एकदम उठला. आत जाऊन गाडीची किल्ली घेऊन आला. त्याचे डोळे भरलेले होते, पण तोंडावर काहीतरी उजळलं होतं, चुलीपाशी व्याख्या बरोबर आल्यावर उजळायचं तसं. "चला, मामा. आत्ताच निघू. संध्याकाळपर्यंत पोचतो. कुठल्या वसाहतीत राहते ती? मी पाय धरतो तिचे. चला ना, उठा."

मी बसूनच राहिलो. तो किल्ली हातात धरून माझ्याकडं बघत उभा होता, आणि माझ्या गप्प बसण्याचा अर्थ या वेळी समोरच्या माणसाला लगेच कळला.